शेळ्या विण्याआधीची तयारी : घरच्या चीजसाठी

जून-जुलैत फळलेल्या शेळ्या दिवाळीनंतर विऊ लागतात. थंडीचे ते तीन महिने मऊ, ताज्या चीजला सगळ्यात चांगले. एप्रिल-मेच्या उन्हात दही तासाभरात आंबट होतं, म्हणून बेत हिवाळ्याचाच धरा. आणि तयारी भांड्यांपासून नाही, गोठ्यापासून सुरू करा. चीजला वास येतो, दही लागत नाही, चव कडवट होते, यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ गोठ्यात सापडतं.

विण्याच्या दोन महिने आधी शेळी आटवा, म्हणजे तिची धार काढणं बंद करा. तिच्या कासेला विसावा मिळाला नाही तर पुढच्या वेताला दूध कमी पडतं. विण्याआधी महिना-सव्वा महिना आंत्रविषार या आतड्याच्या आजाराची लस टोचून घ्या, म्हणजे चिकातून करडांनाही संरक्षण मिळतं. पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस राहिली असेल तर ती कधी द्यायची हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा. त्याच फेरीत ब्रुसेलोसिससाठी सगळ्या कळपाचं रक्त तपासून घ्या. हा आजार दुधातून आणि गाभडलेल्या शेळीच्या जारेतून माणसाला होतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिला विणाऱ्या शेळ्यांपासून लांबच ठेवा. हे मी मनापासून सांगते.

बोकड दुभत्या शेळ्यांपासून दूर बांधा. त्याचा उग्र वास दुधात उतरतो. त्याला हाताळलेल्या कपड्यांनी धारेला बसू नका. शेवरी, हादगा, लसूण घास आणि तुरीचं भुसकट साठवून ठेवा. सुबाभूळ द्या, पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. धारेची जागा उंच, कोरडी आणि लेंड्यांपासून वेगळी असावी. प्रत्येक शेळीची पहिली धार काळ्या कपड्यावर काढून पाहा. गुठळ्या दिसल्या तर दगडी (कासेची सूज) झाली समजा आणि ते दूध बाजूला ठेवा. प्रतिजैविक दिलेल्या शेळीचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस चीजमध्ये घालायचं नाही. त्यात विरजणाचे जिवाणूच मरतात.

आता हिशेब. संगमनेरी शेळी चांगल्या वैरणीवर दिवसाला लिटरभर दूध देते असं धरू. दहा शेळ्यांचं दहा लिटर झालं. करडांना पहिल्या तासात चीक आणि पुढे पोटभर दूध मिळालंच पाहिजे, त्यात तडजोड नको. उरलेल्या पाच-सहा लिटरांचं मऊ चीज किलोभराच्या आतच बसतं. एवढंच गृहीत धरून गिऱ्हाइकांशी बोला. विल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांचं दूध चीजला चालत नाही.

स्वयंपाकघरात स्टीलची पातेली, मलमलचे उकळलेले फडके आणि थर्मामीटर लागेल. बोटाने अंदाज करू नका. दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरायचं, मग भराभर थंड करून २२ ते २५ अंशांवर आणायचं. त्यात चीजचं कल्चर (म्हणजे विरजण) आणि पाण्यात विरघळवलेलं थेंबभर रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालायचं. रेनेट मायक्रोबियल, म्हणजे जनावरापासून न काढलेलं घ्या, तर शाकाहारी गिऱ्हाईक निर्धास्त खाईल. रेनेटसाठीचं पाणी क्लोरीनचं नसावं, त्याने रेनेट निकामी होतं. शेळीच्या दुधाचं दही गाईच्या दुधापेक्षा नाजूक लागतं, म्हणून बारा ते अठरा तास पातेल्याला धक्का लावायचा नाही. वरती निवळी, म्हणजे दह्याचं सुटलेलं पाणी, आली की फडक्यात टांगायचं. मीठ आयोडीनचं नको. पांढऱ्याशुभ्र रंगाची काळजी करू नका, गाईच्या दुधातला पिवळसर रंग शेळीच्या दुधात नसतोच.

निवळी फेकू नका, भाकरीच्या पिठात घाला. जास्त उरली तर पाण्यात पातळ करून लेंडीखतावर ओता.

फ्रिज ४ अंशांवर राहील अशी सोय हवी. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी आधीच तपासून घ्या. एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी विक्रीआधी झालेली असावी. डब्यावर बनवल्याची तारीख आणि ‘शेळीच्या दुधाचं’ हे स्पष्ट लिहा. पुण्या-मुंबईला पाठवायचं तर बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलच्या पेटीत, संध्याकाळी निघून सकाळी पोचेल असं बघा. आणि दर घाण्यातला एक डबा आठवडाभर घरीच ठेवून रोज चव बघा. तुमचं चीज किती दिवस टिकतं हे त्यावरूनच कळेल, आणि तोच आकडा लेबलवर छापा.