नायटा घरात शिरतो कुठून, आणि त्याची वाट कशी अडवायची

जांघेत किंवा कमरेवर गोल चट्टा उठतो. कडा लालसर, उंचवटलेली. मधली त्वचा त्यामानाने बरी. घाम आला की खाज आवरत नाही. हाच नायटा, म्हणजे गजकर्ण. मलम लावलं की जातो आणि महिन्याभरात पुन्हा हजर! अशा वेळी मलमाला शिव्या घालण्याआधी दोरीवरच्या टॉवेलकडे बघा.

नायटा होतो बुरशीमुळे. ही बुरशी त्वचेतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. गळालेल्या बारीक पापुद्र्यांबरोबर तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, चादरीवर, पंचावर, कंगव्यावर पडतात आणि तिथे महिनोन्‌महिने तग धरतात.

म्हणून आधी टॉवेल वेगळे करा, नवरा-बायकोचेसुद्धा. ज्याला नायटा आहे त्याचे कपडे वेगळे भिजवा. कापडाला सोसत असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन कुठलं? मग इस्त्री फिरवा, शिवणींवर आणि इलास्टिकवर जरा जास्तच. अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रं घालून लोकलला पळू नका. कमरेचा करदोटाही दिवसभर ओला राहतो. तो काढता येत असेल तर काढाच. आजी रागावेल, पण समजावता येतं.

मग पाय. भातलावणीत चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, शहरात तेच काम ओले बूट करतात. बेचकं कोरडी करा, पण त्याच टॉवेलने जांघ पुसू नका. पायाला संसर्ग असेल तर आधी मोजे घाला, मग चड्डी. हसू येईल, पण पायाची बुरशी कपड्याला लागून वर चढते ती अशीच.

तालमीत, जिममध्ये घामेजलेल्या अंगाचा आणि मॅटचा संपर्क येतो; घरी आल्याबरोबर आंघोळ करा. मांजराच्या किंवा वासराच्या अंगावर केस गळालेले गोल चट्टे दिसले तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. मुलं त्या जनावरांनाच कवटाळतात.

औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मात्र मागू नका. तिच्यात क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन यांसारखं स्टेरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की निदानही अवघड होतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना घरात ज्याला ज्याला खाजतंय, त्या सगळ्यांना बरोबर न्या.