आरव्हीचा मुक्काम: अमेरिकेला निघालेल्या सोलापूरकर आई-बापांसाठी

जुळे सोलापुरात आता अशी गल्ली सापडणं अवघड, जिथलं एकही पोर अमेरिकेत नाही. आई-बाप उन्हाळ्यात तिकडं गेले की पोरं म्हणतात, "बाबा, यंदा हॉटेल नको, आरव्ही भाड्यानं घेऊ." आरव्ही म्हणजे पलंग, शेगडी, फ्रीज, संडास सगळं आत असलेली गाडी. चालवायचं काम पोराचं. पण रात्री ती उभी कुठं करायची, यात म्हाताऱ्यांची सोय-गैरसोय पोरांच्या ध्यानात येत नाही, तिथं आपण बोलायला पाहिजे. मी एसटीत कंडक्टर होतो, मुक्कामाच्या गाड्या पुष्कळ केल्या. तेव्हा ऐका.

कॅम्पग्राउंड, म्हणजे अशा गाड्या रात्री उभ्या करायची जागा, निवडताना नावावर आणि फोटोवर जाऊ नका. जागेवर काय काय जोडायला मिळतं ते आधी विचारा: वीज, पिण्याचं पाणी आणि मैलापाणी सोडायची जोडणी. तिन्ही असलं तर त्याला 'फुल हुकअप' म्हणतात. खाजगी ठिकाणी हे बहुधा मिळतं. सरकारी ठिकाणी, विशेषतः नॅशनल पार्कांत, बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. गाडी लावायला सपाट जागा, एक लाकडी टेबल आणि शेकोटीचं कडं, एवढंच. पण झाडं, शांतता आणि पहाटेचा देखावा सरकारी जागेतच. खाजगीत शेजारची गाडी इतकी जवळ असते की त्यांच्या टीव्हीवर काय चाललंय ते आपल्याला कळतं.

ग्रँड कॅन्यन या प्रसिद्ध दरीच्या दक्षिण काठावर हा फरक शेजारीशेजारी दिसतो. मॅदर कॅम्पग्राउंड पार्कवाल्यांचं. तिथं कुठलीच जोडणी नाही आणि ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. त्याला लागूनच ट्रेलर व्हिलेज, ठेकेदार कंपनी चालवते. तिन्ही जोडण्या आहेत आणि ५० फुटांपर्यंतची गाडी बसते. तो काठ ७,००० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात सोलापूर तापलेलं असतं म्हणून तिकडं पातळ चादर नेऊ नका, आपली जाड सोलापुरी चादर न्या. बिनजोडणीच्या जागेत रात्री हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी बसली की पहाटे चारला सगळे जागे. जनरेटर असतो, पण तो लावायच्या वेळा ठरलेल्या; रात्री दहा ते सकाळी सहा तर आवाजच नको. मोबाईलवरचं भजनसुद्धा कानात घालून.

माझं मत विचाराल तर दोन रात्री सरकारी, तिसरी खाजगी, असा फेरा ठेवा. कारण पाणी. मधल्या आकाराच्या गाडीत साधारण दीडशे लिटरची टाकी असते. चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावातल्या माणसाला तेवढ्यात भागवायला कुणी शिकवायला नको. पोरं आणि नातवंडंच शॉवरखाली उभी राहून टाकी रिकामी करतात. आणि आलेलं पाणी जाणार कुठं? मोरीचं पाणी एका टाकीत, संडासचं दुसऱ्या. पहिलीला ग्रे म्हणतात, दुसरीला ब्लॅक. आपण कागदावर न भागवता पाणी वापरणारी माणसं, त्यामुळे आपल्या गाडीतली ब्लॅक टाकी गोऱ्यांच्या गाडीपेक्षा लवकर भरते. हे पोरगं लाजून सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. तिसऱ्या दिवशी खाजगी जागेत टाक्या रिकाम्या करा, कपडे धुवा, पोटभर अंघोळी करा, पुढं चला.

टाकी रिकामी करायचं काम जावयावर ढकलू नका, समजून घेतलं तर दहा मिनिटांचं आहे. हातमोजे घाला. जाड पाईप गाडीला जोडा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात नीट बसवा, मगच झडप उघडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे. म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाईप आपोआप धुऊन निघतो. फुल हुकअपवर असलात तरी ब्लॅकची झडप दिवसभर उघडी ठेवायची नाही. पाणी निघून जातं, घट्ट माल तळाशी बसतो आणि मग तो सुटत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. तिथं पाईप धुवायचा नळ वेगळा असतो. त्यातून पिण्याचं पाणी भरायचं नाही. पिण्याच्या पाण्याचा पाईपही वेगळा, बहुधा पांढरा किंवा निळा.

विजेचं तिथं १२० व्होल्टचं काम आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथं धड फिरत नाही, घरीच ठेवा. भाड्याच्या गाड्यांना बहुतेक ३० अँपिअरची, तीन पायांची पिन असते. म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एकदम लावली की खटका पडणार. चार पायांची ५० अँपिअरची जागा महाग असते. आपल्या ३० च्या गाडीला त्याचा काही फायदा नाही. पिन लावताना खांबावरचा खटका आधी बंद, पिन घट्ट बसली की चालू. काढतानाही तसंच. मध्ये सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर गाडी वाचवणारं यंत्र, बसवून घ्या. जुन्या जागांतल्या वायरिंगचा भरवसा नाही.

आता माझ्या खात्याचं. गाडी मागं घेणं. बुक करतानाच 'पुल-थ्रू' जागा मिळाली, म्हणजे एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर, तर प्रश्नच नाही. पण पुष्कळ सरकारी जागा 'बॅक-इन' असतात. तिथं ड्रायव्हर डावीकडं बसतो, म्हणून तुम्ही गाडीच्या मागं, डाव्या अंगाला उभं राहा. तुम्हाला त्याचा आरसा दिसला पाहिजे. आरशात त्याचं तोंड दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. सुरू करायच्या आधी दोघांनी खुणा ठरवा. मी पोराला एकच सांगितलं, गाडीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. एसटीची घंटी. ओरडायचं नाही, इंजिनात ऐकू येत नाही आणि दोघांचं भांडण होतं. बाकी लोक खाली बघतात, तुम्ही वर बघा. टपावर एसीची पेटी असते आणि झाडाची फांदी कुणाला विचारून वाढत नाही. जागा सपाट नसेल तर चाकाखाली ठोकळे घाला. गाडी कलती राहिली तर रात्रभर डोक्यात रक्त उतरतं, आणि जुन्या पद्धतीचा गॅसवरचा फ्रीज असेल तर तोही नीट चालत नाही.

बुकिंग पोराकडूनच करून घ्या, पण लवकर. केंद्र सरकारच्या बहुतेक जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच संकेतस्थळावर मिळतात. गाजलेल्या पार्कांचं बुकिंग पाच-सहा महिने आधी उघडतं आणि मिनिटांत संपतं. ६२ वर्षांपुढच्यांना सिनियर पासवर सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं बऱ्याच ठिकाणी निम्मं होतं, पण तो पास नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्यांनी मागू नये. काही जागा 'आधी येईल त्याला' पद्धतीच्या असतात. तिथं लोखंडी पेटी असते. पाकिटात पैसे घालून टाकायचे, पाकिटाची पावती फाडून जागेच्या खांबाला अडकवायची. तिकीट तपासनीस येतोच, पावती दिसली पाहिजे.

एक जागा फारशी कुणी सुचवत नाही: आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स या अमेरिकी लष्कराच्या बांधकाम खात्यानं बांधलेल्या धरणांच्या काठची कॅम्पग्राउंडं. पुष्कळ ठिकाणी वीज आणि पाणी असतं, भाडं बेताचं, समोर तळं. उजनीच्या काठाला रमणाऱ्या माणसाला तिथं बरं वाटेल. खाजगीत केओए ही साखळी सगळीकडं भेटते, १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्जला सुरू झालेली; फार देखणी नाही, पण संडास स्वच्छ. उघड्या सरकारी माळरानावर फुकटही राहता येतं, साधारण १४ दिवसांपर्यंत. नळ नाही, दिवा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी तिकडं जाऊ नये.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, फ्रीज लागत नाही. विमानतळावर कस्टमवाल्यांना खाण्याचं सामान आहे हे आपण होऊन सांगा. फोडणी मात्र गाडीत घालू नका, धुराची घंटा वाजते. बाहेरच्या टेबलावर शेगडी मांडा. जेवण झालं की एक दाणाही बाहेर ठेवू नका. अस्वलांच्या मुलखात त्यासाठी दंड आहे.

निघायची वेळ बहुधा अकराची असते. रविवारी साडेदहाला डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या सामायिक जागेवर, सगळ्या गाड्यांची रांग लागते, म्हणून चहा झाला की आठलाच टाक्या सोडून या.