पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट: एक्स्टेन्शन घेण्याआधी हे करून पाहा

पावसाळ्यात गोव्यातल्या होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट दुरुस्तीला येतात. फोंड्यात बसून पेडण्याच्या मालकाला चूक दाखवायची तर स्क्रीनशॉट लागतोच.

स्क्रीनशॉटची बरीच एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) पान सरकवत तुकडे टिपतात आणि जोडतात. त्यामुळे वर चिकटून राहणारा मेनू चित्रात पुन्हा पुन्हा उमटू शकतो. क्रोममध्ये त्याऐवजी एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, मग कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, आणि ‘स्क्रीनशॉट’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा. ‘कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट’ निवडलं की अख्खं पान एका फाइलीत मिळतं. आधी पान तळापर्यंत सरकवून घ्या, नाहीतर उशिरा लोड होणाऱ्या फोटोंच्या जागा रिकाम्या दिसतील. एकच बटण बिघडलं असेल तर त्याच टूल्समधल्या ‘एलिमेंट्स’ टॅबमध्ये त्या बटणाच्या कोडच्या ओळीवर राइट-क्लिक करून ‘कॅप्चर नोड स्क्रीनशॉट’. मला हाच पर्याय सगळ्यात आवडतो. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस पुरेसं आहे.

बाण काढायचे, मजकूर झाकायचा, तर एक्स्टेन्शन जरूर घ्या. मात्र ‘सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागितली, तर एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन ती ‘क्लिक केल्यावरच’ अशी करा. पाहुण्यांचे फोन नंबर असलेलं बुकिंगचं पान त्याच ब्राउझरात उघडं असतं. आणि डेव्हलपर टूल्सच्या ‘कन्सोल’ टॅबमधली चुकीची लाल ओळ चित्रासोबत मजकूर म्हणूनही पाठवा, ती शोधता येते.