हौशी रेसिंगसाठी गाडीचं सस्पेन्शन कसं तपासावं

ठाण्या-नवी मुंबईत गाडी ‘ट्रॅकवर पळवायची आहे’ असं गॅरेजात नुसतं म्हणा, लगेच कॉइलओव्हरचा (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचा) भाव ऐकायला मिळतो. ते घ्यायचे की नाही हे नंतर ठरवा. आधी गाडी आज आहे तशी मोजून वहीत उतरवा. मूळ मापंच नसतील, तर नवा पार्ट बसवल्यावर गाडी सुधारली की बिघडली हे कशाच्या आधारावर सांगणार?

जागा

वेगाची चाचणी रस्त्यावर करायची नाही. रात्रीचा पाम बीच रोड कितीही खुणावत असला तरी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावली, तर पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय रस्त्यावर तेच वळण त्याच वेगाने दोनदा मिळत नाही, मग तुलना कशाची करणार? त्यासाठी कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावा लागतो. दोन्ही आपल्यापासून हजार किलोमीटरच्या वर आहेत. म्हणून पाना आणि मोजपट्टीची सगळी कामं इथेच उरकून निघा.

घरच्या घरी मोजमाप

सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब आणा, पाणी भरून चारही चाकांच्या जागा तपासा आणि जिथे खोलगट असेल तिथे प्लायवूडचे तुकडे ठेवा. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती, टाकीत नेहमी रेसला असतं तेवढं पेट्रोल. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नका. टायर जमिनीला अडकून बसलेले असतात आणि गाडी उंच दिसते. ती थोडी मागे-पुढे ढकला, बॉनेट आणि डिकी दाबून सोडा, मग चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची घ्या.

कॅम्बरसाठी, म्हणजे समोरून पाहता चाक किती कललंय ते मोजायला, ओळंबा पुरतो. तो चाकाच्या बाहेर सोडा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. १५ इंची रिमच्या दोन कडांमध्ये साधारण ४०० मिलिमीटर धरले, तर १ अंश म्हणजे ७ मिलिमीटरचा फरक. टो, म्हणजे वरून पाहता चाक पुढे आत किंवा बाहेर किती वळलंय, ते मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर दोरी ताणा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी बहुतेक गाड्यांत वेगळी असते, त्यामुळे हबपासून दोरीचं अंतर पुढे एक आणि मागे दुसरं येईल. ते चालतं. डावीकडे आणि उजवीकडे मात्र सारखंच यायला हवं, इथे घाई करू नका. मग रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून किती लांब आहे ते बघा; दोन्हींतला फरक म्हणजे टो.

स्विफ्ट, पोलोसारख्या हॅचबॅकला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) असतो. मागे अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन बदलायचा, बोल्टच नसतो, त्यामुळे तिथे खेळायला वाव कमी. शॉकअप बदलताना एक गोष्ट बरेच मेकॅनिक सोडून देतात: कंट्रोल आर्मच्या (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लटकत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेला राहतो आणि तुमची सगळी मापं खोटी ठरतात.

ट्रॅकवर

हवा सकाळी, सावलीत, टायर थंड असताना भरा आणि गेज एकच वापरा. टायर ५-६ अंश सेल्सिअसने तापला की दाब साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून धावेनंतर लगेच गरम दाबही लिहा. पायरोमीटर (टायरचं तापमान मोजायचं यंत्र) असेल तर प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर मोजा. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा तापल्या तर कमी. आतली कड बाहेरच्यापेक्षा फारच गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) जास्त झालाय.

काहीही बदलण्याआधी स्वतःला मोजा. सेटअप न बदलता पाच-सहा लॅप मारा, पहिला सोडून द्या आणि बाकीच्यांत किती फरक येतो ते बघा. तुमचेच लॅप अर्ध्या सेकंदाने पुढे-मागे होत असतील, तर नव्या स्प्रिंगने मिळालेले ‘दोन दशांश’ विसरा.

त्यानंतर एका वेळी एकच बदल. क्रमही ठरलेला ठेवा: हवा, अलाइनमेंट, अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा), स्प्रिंग आणि सर्वांत शेवटी शॉकअपचे क्लिक, म्हणजे तो कडक-मऊ करायचे टप्पे. लोक नेमके क्लिकपासून सुरू करतात, कारण ते हाताने फिरवता येतात. वळणाच्या मध्यात, गाडी एका बाजूला स्थिर झुकलेली असताना, काम करतात ते स्प्रिंग आणि बार. शॉकअपचा हात दिसतो तो गाडी झुकत किंवा सरळ होत असताना, म्हणजे ब्रेक, वळणाची सुरुवात आणि बाहेर पडणं. त्यामुळे नुसतं ‘गाडी बाहेर पळते’ असं लिहू नका. कुठे पळते ते लिहा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मध्यावर अंडरस्टिअर देत असेल, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही पुढून बाहेर सरकत असेल, तर मागचा बार कडक करून बघा. त्याने आतलं मागचं चाक उचललं गेलं तर घाबरू नका, अशा गाड्यांत ते होतं.

क्लिक पूर्ण बंद स्थितीपासून बाहेर मोजा आणि पहिली उडी मोठी घ्या, चार क्लिकची. दिशा बरोबर वाटली की अर्धं मागे या. शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय आवळून ठेवा. धावेनंतर तो जिथे सरकलेला असेल तिथपर्यंत सस्पेन्शन दबलं होतं.

बदल पसंत पडला तरी मूळ सेटअपवर परत येऊन काही लॅप माराच. ट्रॅक दुपारपर्यंत तापतो आणि तुमचा हातही बसतो; दोन्हींचं श्रेय बिचाऱ्या शॉकअपला जातं. जुन्या सेटअपवर वेळ पुन्हा वाढला, तरच नवा ठेवा.

गाडी चालवतच घरी आणणार असाल, तर निघण्यापूर्वी टो आणि हवा कंपनीच्या आकड्यांवर आणा आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. ट्रॅकसाठी दिलेला टो-आउट (चाकं पुढे बाहेर वळलेली) तसाच राहिला, तर नवी मुंबई येईपर्यंत पुढच्या टायरच्या आतल्या कडा खाल्ल्या जातात.