घरच्या गॅरेजमध्ये टू-पोस्ट लिफ्ट: बसवायची कशी, वापरायची कशी

गाडीचं काम घरीच करणाऱ्याला कधी ना कधी लिफ्ट हवीशी वाटतेच. जॅक आणि स्टँडवर गाडी चढवून पाठीवर सरपटत सायलेन्सर खोलणं वेगळं, आणि तेच काम उभं राहून, दोन्ही हात मोकळे ठेवून, नीट उजेडात करणं वेगळं. गॅरेजवाले वापरतात तीच 4 टनी टू-पोस्ट लिफ्ट बंगल्याच्या आवारातही बसवता येते. मात्र पैसे देण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. या लिफ्टचे दोन खांब जमिनीत पुरलेले नसतात, ते फक्त अँकर बोल्टच्या, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक पाडून घट्ट बसवलेल्या बोल्टच्या जोरावर उभे असतात. गाडीचं वजन खांबांच्या आतल्या बाजूला, गाडीखाली जाणाऱ्या हातांच्या (आर्मच्या) टोकाशी येतं. त्यामुळे दोन्ही खांब आत झुकू पाहतात आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर उपटले जाऊ पाहतात. त्यांना धरून ठेवतं ते काँक्रीट. लिफ्ट कितीही भारी कंपनीची असली तरी तिची खरी ताकद खालच्या कोब्याएवढीच. म्हणून लिफ्ट निवडायला जितका वेळ देता, त्याहून जास्त जमिनीला द्या.

जागा आणि उंची

हिशोब साधा आहे: गाडीची उंची अधिक तुमची उंची. स्विफ्टसारखी हॅचबॅक साधारण दीड मीटर उंच असते. खाली 1.8 मीटर मोकळी जागा हवी असेल तर छत 3.3 मीटरवर, म्हणजे जवळपास 11 फुटांवर लागतं. बंगल्याच्या पोर्चचा स्लॅब बहुधा 10 फुटांवर असतो, आणि त्यात बीम, पंखा, ट्यूबलाइट खाली आलेली असते. अशा पोर्चमध्ये गाडी पूर्ण वर जाणार नाही. चाकाच्या स्टुलावर बसून काम करायची तयारी असेल तर तेही चालतं. नाहीतर मागच्या मोकळ्या जागेत उंच पत्र्याची शेड उभारा, किंवा सुमारे एक मीटर उचलणारी, कात्रीसारखी उघडणारी सिझर लिफ्ट घ्या. ब्रेक, टायर, सस्पेन्शन एवढंच करायचं असेल तर मला सिझर लिफ्टच जास्त शहाणपणाची वाटते.

टू-पोस्टमध्येही दोन प्रकार आहेत. एकात दोन खांबांना जोडणारी केबल आणि पाइप जमिनीवरच्या पट्टीखालून जातात, दुसऱ्यात वरून. वरून जोडणाऱ्या लिफ्टचे खांब फारच उंच असतात. घरी बहुतेक वेळा जमिनीवरून जोडणारीच बसते.

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये किंवा खाली तळघर असलेल्या स्लॅबवर ही लिफ्ट बसवू नका. स्लॅब त्या भारासाठी बांधलेला नसतो. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर ड्रिल आतल्या ताणलेल्या केबलला लागू शकतं, आणि मग प्रश्न तुमच्या गाडीपुरता राहत नाही, सगळ्या इमारतीचा होतो.

कोबा

आपल्याकडे पोर्चमध्ये बहुधा दगडी सोलिंगवर तीन-चार इंच पीसीसी (सळईविना काँक्रीट) आणि वर टाइल, शहाबादी किंवा पेव्हर ब्लॉक असतात. गाडी उभी करायला तेवढं पुरतं, लिफ्टला नाही. बोल्टची पकड काँक्रीटमध्ये हवी. फरशी आणि तिच्याखालचा माल त्यात मोजायचा नाही. लिफ्टच्या पुस्तिकेत काँक्रीटची किमान जाडी आणि ग्रेड दिलेला असतो. तो वाचा, आणि त्याहून कमी असेल तर जुनं तोडून नवा पॅड ओता.

पॅडचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. एका कागदाचं काम आहे, लिफ्टच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: दोन्ही खांब एकाच पॅडवर येतील असा सुमारे 4 मीटर × 2 मीटर, 200 ते 250 मिलिमीटर जाड, एम 25 काँक्रीटचा, सळईची जाळी टाकलेला पॅड बहुतेक घरगुती लिफ्टना पुरतो. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातल्या काळ्या मातीत मात्र खास जपावं लागतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा पॅड एका बाजूने उचलते. ती खोदून काढायची, मुरूम थरांनी भरून, पाणी मारून, चोपून घ्यायचा, मग सोलिंग आणि मगच पॅड.

ओतताना स्वतः उभे राहा. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, म्हणून मिक्सरवर पाणी वाढतंच. पन्नास किलोच्या पिशवीला 25 लिटरहून जास्त पाणी जाऊ देऊ नका, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. व्हायब्रेटर फिरवलाच पाहिजे. पोर्चला पाणी वाहून जायला उतार असतो, पॅडला तो देऊ नका. ट्यूब लेव्हलने चारही कोपरे एका पातळीत आणा. आणखी एक गोष्ट: माल ओतण्याआधी जाळीवर टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे ड्रिल करताना सळई कुठे आहे ते त्यावरूनच कळतं.

आजकाल बहुतेक दुकानांत पीपीसी सिमेंट मिळतं. त्याला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस ओलावा हवा. मातीचे वाफे करून पाणी साठवलं तर उत्तम. एम 25 मधला 25 हा आकडा 28 दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे, म्हणून पूर्ण 28 दिवस होईपर्यंत बोल्ट मारू नका. लिफ्टचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला तरी नाही.

वीज

मोटर बहुधा 2.2 किलोवॅटची, म्हणजे 3 एचपीची असते. सिंगल फेज आणि थ्री फेज दोन्ही मिळतात. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो आधी पाहा. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते. वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि मोटर घुंई घुंई करत बसते. लिफ्टसाठी वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग घ्या. बाहेरच्या शेडमध्ये पावसाळ्यात फरशी ओली राहते, तिथे अर्थिंगमध्ये काटकसर नको. मेन स्विचला कुलूप लावता आलं पाहिजे, घरात मुलं असतील तर नक्कीच.

खांब उभे करणं

सगळी लिफ्ट सहाशे-सातशे किलोच्या घरात जाते. खांब चार जणांनी हातांनी उभा करण्याच्या भानगडीत पडू नका. चेन पुली, इंजिन हॉइस्ट किंवा छोटी क्रेन वापरा, आणि बोल्ट बसेपर्यंत खांब बांधून ठेवा.

सूत मारून मधली रेषा आखा. दोन्ही बेस प्लेटच्या जागा खडूने काढा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच काटकोन बरोबर आहे. पॅडच्या कडेपासून आणि जोडापासून किती अंतर ठेवायचं ते पुस्तिकेत असतं. कडेजवळचा बोल्ट काँक्रीटचा तुकडाच फोडून बाहेर येतो.

भोक बोल्टच्या मापाच्याच बिटने, रोटरी हॅमरने, अगदी सरळ पाडा. त्यानंतरचं काम लोक टाळतात: भोकातली पूड काढणं. ब्रश फिरवा, ब्लोअर मारा, पुन्हा ब्रश, पुन्हा ब्लोअर, पांढरी धूळ यायची थांबेपर्यंत. पूड राहिली तर बोल्टची पाचर भिंतीला न धरता पुडीला धरते. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क हवाच, कारण ही धूळ फुप्फुसात साचते.

खांब ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी पाहा. फरक असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेत, लोखंडी शिम (पातळ पट्ट्या) घाला. लाकूड किंवा टाइलचा तुकडा अजिबात नको. नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणाऱ्या पान्ह्यानेच आवळा, पुस्तिकेतल्या आकड्याला. इथे हाताला एक गोष्ट कळते. चांगल्या काँक्रीटमध्ये थोडे आटे फिरल्यावर नट जड होत जातो आणि रेंच खट्कन वाजतो. नट नुसताच फिरत राहिला, बोल्ट वर येत राहिला, टॉर्क लागेचना, तर काँक्रीट कच्चं आहे किंवा भोक मोठं झालंय. तिथेच थांबा. तो बोल्ट तसाच सोडून पुढे जाऊ नका, इंजिनिअरला बोलवा.

मग केबलचा ताण दोन्हीकडे सारखा करा, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच हायड्रॉलिक तेल भरा आणि लिफ्ट रिकामीच वर-खाली करून हवा काढा. थ्री फेज मोटर उलटी फिरली तर इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज बदलून घ्या. गळती बोटाने चाचपू नका. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते, आणि असा माणूस ताबडतोब रुग्णालयात न्यावा लागतो. पुठ्ठा धरून पाहा.

पहिल्यांदा गाडी हलकी घ्या, आणि त्या दिवशी खाली जाऊ नका. वर करा, लॉकवर (खांबातल्या लोखंडी अडसरावर) ठेवा, थोडा वेळ तशीच राहू द्या. बेस प्लेटच्या कडेला भेग दिसते का, बोल्ट हललाय का, खांब ओळंब्यात आहेत का, ते पाहून उतरवा आणि नट पुन्हा टॉर्कला तपासा.

गाडी चढवणं

प्रत्येक गाडीच्या मालकाच्या पुस्तिकेत जॅक पॉइंट दाखवलेले असतात. स्विफ्ट, नेक्सॉन, एक्सयूव्ही 700 यांसारख्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या गाड्यांना दारांखालच्या पट्टीवरच्या खाचांमध्येच आर्मच्या टोकाचे रबरी पॅड लावायचे. थार, स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर यांना शिडीसारखी चासी असते, तिथे पॅड चासीवर येतात, पाइप आणि वायरिंग चुकवून. नावावर जाऊ नका: इनोव्हा हायक्रॉस मोनोकॉक आहे. इलेक्ट्रिक गाडीत तर खाली सगळी बॅटरीच पसरलेली असते. पॅड दोन-तीन इंच आत सरकला की तिच्या पेटीवर भार येतो. गंजलेल्या पट्टीवर गाडी उचलूच नका. कोकणात समुद्राजवळ वापरलेल्या गाड्यांची पट्टी वरून ठीक दिसते आणि आतून पोखरलेली असते, स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा.

गाडी दोन खांबांच्या मध्ये आणताना वजनाचा विचार करा. इंजिन पुढे असलं की पुढचा भाग जड. क्रिस्टासारखी गाडी रिकामी असतानाच 1,800 किलोच्या आसपास भरते. डिकीत सामान असेल तर तोल मागे सरकतो. म्हणून आधी डिकी रिकामी करा. गाडीत कुणीही बसलेलं नको.

चारही पॅड टेकले की आर्मचे लॉक दातांत बसलेत का ते हाताने हलवून पाहा. मग चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढंच उचला आणि थांबा. बंपरजवळ हात ठेवून गाडी जोरात हलवा, पुढून आणि मागून. डुगडुगली, एक बाजू आधी सुटली, पॅड सरकला, तर खाली घेऊन पुन्हा लावा. इथे दोन मिनिटं गेली तर जाऊ द्या. पडणारी गाडी याच टप्प्यावर ओळखता येते, आणि अजून ती अर्धा फूटच वर असते.

वर जाताना दोन्ही खांबांतून लॉकचा टक-टक आवाज यायला हवा. एकाच बाजूने आला तर थांबा. हवी ती उंची आली की लीव्हर दाबून गाडी थोडी खाली घ्या आणि भार लॉकवर बसू द्या. हायड्रॉलिकच्या दाबावर लटकलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. पाइप फुटू शकतो, सील जाऊ शकतं. लोखंडी लॉकला यातलं काही होत नाही.

गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल किंवा इंजिन काढायचं असेल तर गाडीचा तोल बदलणार हे धरून चाला. सुटा भाग निघायच्या आधी दुसऱ्या टोकाला उंच स्टँड लावा. मोठा पान्हा लावून झटके देण्याचं काम शक्यतो गाडी खाली असतानाच सैल करून ठेवा. काही घसरायला लागलं तर धरायला जाऊ नका, बाजूला पळा. त्यासाठी पुढची-मागची वाट नेहमी मोकळी ठेवा, तिथे टूल ट्रॉली, स्कूटर, कुंड्या नकोत.

आपल्याकडे वीज जाते, त्याचाही विचार करून ठेवा. गाडी लॉकवर असेल तर उतरवण्यासाठी आधी थोडी वर घ्यावी लागते, म्हणजे मोटर हवी. वीज गेली की गाडी तशीच राहील आणि ती सुरक्षित आहे. लॉक हातोडीने सोडवायचा प्रयत्न करू नका, वाट पाहा. उतरवताना खाली मूल, कुत्रं-मांजर, एखादा डबा राहिला नाही ना ते वाकून पाहूनच लीव्हर दाबा.

देखभाल

महिन्यातून एकदा केबल पाहा. तुटलेले तंतू शोधायला उघडा हात फिरवू नका, हातमोजा किंवा चिंधी घ्या. एखादा धागा अडकला तर तिथे तार तुटलीय, केबल बदला. पॅडचं रबर चिरलंय का, लॉकच्या स्प्रिंगा नीट परततात का, चेनला ग्रीस आहे का, हे त्याच वेळी. बोल्टचा टॉर्क सुरुवातीला महिनाभराने आणि पुढे पुस्तिकेप्रमाणे. पावसाळ्यानंतर बेस प्लेटच्या कडा खास पाहा, तिथे पाणी साचून बोल्ट गंजतात. वर्षातून एकदा लिफ्ट बसवणाऱ्या माहीतगार माणसाकडून सगळी तपासणी करून घ्या.

जुनी लिफ्ट घेत असाल तर अँकर बोल्ट नवे घ्या, जुने पुन्हा वापरायचे नसतात. केबल आणि होस पाइपही नवेच. क्षमतेची पाटी आणि पुस्तिका नसलेली, आर्मवर वेल्डिंगचे जोड मारलेली लिफ्ट मात्र स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.