युद्धांवर लिहिताय? मग एवढ्या चुका तरी टाळा

डिसेंबर जवळ आला की माझ्याकडे मजकुरांची रीघ लागते. विजय दिनाची भाषणं, गोवा मुक्तीवरचे लेख, माजी सैनिक मेळाव्याच्या स्मरणिका, गावच्या हुतात्मा स्मारकाचा फ्लेक्स. सोबत निरोप ठरलेला: "सर, जरा नजर टाका, उद्या सकाळी छपाईला जायचंय." म्हणजे चार वर्षं चाललेलं युद्ध यांना एका रात्रीत उरकायचं असतं. नजर टाकावी तर त्याच चुका, त्याच जागी. लिहिणारा बदलतो, वाक्य बदलत नाही, कारण सगळ्यांनी ते एकाच फॉरवर्डमधून उचललेलं असतं. यातल्या दोन चुकांवर मी आज मनसोक्त बोलणार आहे. बाकीच्या भराभर सांगून टाकतो.

महायुद्ध १९१८ला उरकून टाकणं

साताऱ्याकडच्या एका गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळची दगडी पाटी बसवलेली आहे. आपल्याकडे पुष्कळ गावांत अशा पाट्या सापडतात. मजकूर बहुतेक ठिकाणी एकच: १९१४ ते १९१९च्या महायुद्धासाठी या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. चावडीची रंगरंगोटी निघाली तेव्हा या पाटीच्या खोदीव इंग्रजी अक्षरांत काळा ऑइलपेंट भरायचं ठरलं. भरणाऱ्याने १९१९मधल्या शेवटच्या आकड्याच्या शेपटीला हळूच गाठ मारली आणि नऊचा आठ करून टाकला. मी गेलो तेव्हा सरपंचांनी अगदी कौतुकाने दाखवलं.

"इंग्रजांची चूक व्हती सर. शंभर वर्षं कुणाच्या ध्यानात आली न्हाई. आपल्या पोरानं दुरुस्त केली. स्पर्धा परीक्षा करतोय त्यो."

पोरगा बाजूलाच उभा होता. म्हणाला, "११ नोव्हेंबर १९१८, सर. वनलायनर आहे."

वनलायनरच आहे ते. ११ नोव्हेंबर १९१८ला जर्मनीशी शस्त्रसंधी झाली, म्हणजे गोळीबार थांबला. जर्मनीशी तह झाला तो २८ जून १९१९ला, व्हर्सायला. आणि मुळात आपल्या भागातल्या बहुतेक पलटणींचा जर्मनीशी फारसा संबंधच आला नव्हता. मराठा पलटणी लढल्या त्या प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी. तिथली शस्त्रसंधी मुद्रोसला ३० ऑक्टोबर १९१८ला झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लागू झाली. त्यानंतरही माणसं लगेच घरी आली नाहीत. पलटणी तिथेच ठेवल्या गेल्या, आणि १९२०मध्ये इराकात उठाव झाला तेव्हा तो मोडायला पाठवलेल्या फौजेतही मोठा भरणा हिंदी सैनिकांचाच होता. राष्ट्रकुलाचा युद्धस्मशान आयोग तर पहिल्या महायुद्धाचे मृत ३१ ऑगस्ट १९२१पर्यंत मोजतो. तेव्हा पाटीवर १९१९ खोदणारा पाथरवट झोपेत नव्हता.

हे सगळं सांगून पोराचा चेहरा काही हलेना. मग गावातले एक निवृत्त सुभेदार घरी गेले आणि आजोबांचं पदक घेऊन आले. सुपारीच्या जुन्या डबीत, कापसात गुंडाळलेलं. पितळी झाक असलेलं, पुढे पंख पसरलेली विजयदेवता. विजयपदक म्हणतात ते हेच. सुभेदारांनी ते पालथं करून पोराच्या हातात दिलं. मागे इंग्रजीत खोदलेलं होतं: संस्कृतीसाठीचे महायुद्ध, १९१४–१९१९. पदक सरकारनेच दिलेलं, त्यामुळे वाद संपला. सुभेदारांनीच थिनरचा बोळा घेतला आणि आठाची गाठ सोडवली.

त्याच चावडीवर दुसरी चूक टांगलेली होती. फ्लेक्सवर पाटीतला मोठा आकडा घेऊन 'आमच्या गावाचे इतके हुतात्मे' असं छापलं होतं. तो आकडा गेलेल्यांचा. मेलेल्यांचा आकडा खालच्या ओळीत, बराच लहान. जे परत आले, ज्यांनी पुढे पेन्शन खाल्ली, नातवंडं खेळवली, त्या सगळ्यांना गावाने एका फटक्यात स्वर्गवासी केलं. वर चित्र राफेलचं. पाटीच्या दोन ओळी शेवटपर्यंत वाचायला किती वेळ लागतो?

माझी सवय सांगतो. घरातल्या गोष्टीच्या आधी मी पदकाची कड बघतो. ब्रिटिशांच्या त्या काळच्या पदकांवर कडेला शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. 'आमचे पणजोबा फ्रान्सला लढले' हे मी असंख्य घरांत ऐकलंय, कारण फ्रान्स ऐकायला बरं वाटतं. कडेवर ११०वी मराठा दिसली तर गोष्ट फ्रान्सची नसून बहुधा मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराची असते. तिथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५पासून उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ला ब्रिटिश जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. पुढची पायपीट आणि तुर्कांच्या छावण्या यांत किती तरी माणसं गेली. ही गोष्ट फ्रान्सपेक्षा भारी आहे, पण ती मिळवायला कड वाचावी लागते. आणि कृपा करून पदक चिंचेने नाहीतर राखेने घासू नका. चकाकतं, हे खरं; पण कडेवरची अक्षरंही त्याबरोबर जातात. मग या माझ्याकडे, पणजोबांची पलटण शोधून द्या म्हणत.

'सिमल्यात ९३ हजार सोडून दिले'

ही माझी दुसरी लाडकी: १९७१च्या युद्धात पकडलेले पाकिस्तानी कैदी भारताने सिमला करारात सोडून दिले, हा समज. व्याख्यानमालेत, कट्ट्यावर, वक्तृत्व स्पर्धेत, सगळीकडे. मुठी आवळून म्हणायचं वाक्य: "रणांगणावर जिंकलेलं टेबलावर हरलो, एका सहीत ९३ हजार सैनिक सोडून दिले!" टाळ्या हमखास. एका स्पर्धेत मी परीक्षक होतो, तेव्हा ओळीने तिघांनी हे वाक्य म्हटलं, हातवारेसुद्धा तेच.

वाक्यात दोन चुका आहेत. पहिली 'सैनिक'. १६ डिसेंबर १९७१ला ढाक्यात ज्या कागदावर सही झाली त्यातच लिहिलंय की पाकिस्तानचं भूदल, हवाईदल, नौदल यांच्याबरोबर निमलष्करी दलं आणि नागरी सशस्त्र दलंही शरण येत आहेत. ९३ हजार या आकड्यात नियमित फौज तर होतीच, पण निमलष्करी जवान, पोलीस आणि नागरी माणसंही होती. 'सुमारे ९३ हजार युद्धकैदी आणि स्थानबद्ध' म्हणा. भाषणात थोडं अडखळायला होईल, होऊ द्या.

दुसरी चूक मोठी. सिमला करार २ जुलै १९७२चा. तो कागद मोजक्या कलमांचा आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतो. त्यात कैदी सोडण्याचा निर्णयच नाही. शेवटच्या, सहाव्या कलमात म्हटलंय की कैद्यांची परतपाठवणी, काश्मीरचा अंतिम तोडगा आणि राजनैतिक संबंध या गोष्टींवर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी पुढे भेटून बोलतील. विषय पुढे ढकलला, इतकंच. त्याला कारणही होतं. शरणागती एकट्या भारतापुढे झाली नव्हती. आपले लेफ्टनंट जनरल अरोरा यांनी सही केली ती भारत आणि बांगलादेश यांच्या पूर्वेकडच्या फौजांचे सेनापती म्हणून. बांगलादेशाला विचारल्याशिवाय कैदी सोडायचे नाहीत, ही भारताची भूमिका होती, आणि पाकिस्तान बांगलादेशाला मान्यताच देत नव्हता.

गाडं हललं ते २८ ऑगस्ट १९७३च्या दिल्ली कराराने. त्यातही युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेले १९५ जण बाजूला ठेवले होते. फेब्रुवारी १९७४मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली, एप्रिलमध्ये तिन्ही देशांचा करार झाला आणि त्या १९५ जणांवरचे खटले बांगलादेशाने सोडून दिले. त्याच महिन्याच्या अखेरीस ढाक्यात शरण आलेले खुद्द पाकिस्तानी जनरल नियाझी वाघ्यावरून परत गेले. म्हणजे 'एका सहीत' नव्हे, सिमल्यानंतर पावणेदोन वर्षांहून अधिक काळ हे लांबलं होतं.

इतकं सांगूनही कोणी हटून बसला की मी दिलीप परुळकरांचं नाव काढतो. पाकिस्तानच्या कैदेत असलेले आपले वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट परुळकर आणि त्यांचे दोन साथीदार, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, रावळपिंडीच्या कैद्यांच्या तळातून खोलीची भिंत फोडून पळाले. अफगाण सरहद्दीच्या जवळ, लंडी कोतलला पोचले आणि तिथे पकडले गेले. कधी? ऑगस्ट १९७२मध्ये. सिमल्यात सगळ्यांचे कैदी सुटले असते तर हे तिघे महिनाभराने भिंत कशाला फोडत होते? ते इतर वैमानिकांबरोबर परत आले ते त्या वर्षीच्या डिसेंबरात. स्पर्धेतल्या तिघांनाही मी हाच प्रश्न विचारला. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "भाषण मामाने लिहून दिलंय." त्याला मी दोन गुण जास्त दिले.

सिमला करारावर टीका करायचीय? जरूर करा. पश्चिम आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडे जिंकलेला मुलूख परत दिला, हे त्या करारात आहे. काश्मीरचा प्रश्न तेव्हाच मिटवायला हवा होता, असं म्हणणारेही आहेत. पण मग वाद जमिनीवर घाला, कैद्यांवर नको. माझा साधा नेम आहे: कराराबद्दल एक ओळही लिहायची असेल तर आधी करार वाचायचा, त्यावरचे लेख मागाहून. उत्साही मंडळी नेमकं उलटं करतात, आणि लेखही अर्धाच वाचतात.

आता भराभर

१९७१च्या वर्णनात 'फील्ड मार्शल माणेकशा' लिहू नका. तेव्हा ते जनरल होते. फील्ड मार्शल झाले जानेवारी १९७३मध्ये. 'राम राघोबा राणे यांना १९४८मध्ये परमवीर चक्र मिळालं' हेही चूक. नौशेरा–राजौरी रस्त्यावरचा पराक्रम एप्रिल १९४८चा, पण परमवीर चक्र स्थापन झालं २६ जानेवारी १९५०ला, ते पूर्वलक्षी प्रभावाने.

'पर्ल हार्बरने जपानचं युद्ध सुरू झालं, ७ डिसेंबर १९४१.' तारीख हवाईची आहे, जपानात तेव्हा ८ उजाडली होती. आणि घड्याळं जुळवून पाहिलीत तर मलायात कोटा भारूला जपानी त्याच्या तासाभराहून अधिक आधी उतरले होते. जर्मनीच्या शरणागतीचंही तेच: युरोपात ८ मे, मॉस्कोच्या घड्याळात ९ मे. दोन्ही बरोबर. रशियाची ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबरला झाली, हे आता तरी पाठ करा.

'रशिया दुसऱ्या महायुद्धात १९४१ला उतरला' असं लिहिणाऱ्याने १७ सप्टेंबर १९३९ला पोलंडमध्ये पूर्वेकडून कोण शिरलं ते पाहावं. आझाद हिंद सेना नेताजींनी १९४३ला 'स्थापन' केली नाही. पहिली उभारणी १९४२ची, कॅप्टन मोहनसिंगांची. नेताजींनी तिच्यात पुन्हा प्राण ओतला. यात नेताजींचं काही कमी होत नाही, उगाच माझ्यावर चिडू नका.

गोव्याबद्दल तीनच गोष्टी. 'ऑपरेशन विजय' हे नाव १९६१चंही आहे आणि १९९९च्या कारगिलचंही, तेव्हा शोधून मिळालेलं पहिलं छायाचित्र डोळे झाकून चिकटवू नका. दुसरं, दादरा आणि नगर हवेली १९६१मध्ये फौजेने घेतली नाही. ती १९५४मध्येच स्वयंसेवकांनी मुक्त केली होती, त्यात आपले सुधीर फडकेही होते. आणि 'गोळीही न झाडता गोवा मिळाला' असं मांडवीकाठच्या कुणासमोर म्हणू नका. अंजदीव बेटावर आपले नौसैनिक पडले आणि पोर्तुगीजांची अफोन्सो द अल्बुकर्क ही युद्धनौका लढून निकामी झाली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढायला सांगितलं होतं. गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हाने ते मानलं नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, म्हणून पणजी वाचली. हा भाग लेखात घ्या की, तोच तर सगळ्यांत वाचनीय आहे.

राहिलं ते ढाक्याचं छायाचित्र, जे दर विजय दिनाला चुकीच्या ओळीसह छापलं जातं. टेबलाशी बसलेत ते दोघे: सही करणारे नियाझी आणि शेजारी अरोरा. माणेकशा त्यात नाहीत, ते दिल्लीत होते. मागच्या रांगेत व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, सगतसिंग आणि जेकब आहेत. बांगलादेशाकडून ग्रुप कॅप्टन ए. के. खोंदकर समारंभाला हजर होते. जागा उरली तर त्यांचंही नाव घाला, कुणीच घालत नाही.