नवीन रॉबर फ्लायचं वर्णन कसं वाचायचं, आणि माशी समोर आली तर कुठे कुठे बघायचं

नवीन प्रजाती सापडल्याची बातमी आली की आपण सगळे आधी फोटो बघतो आणि थेट रंगावर जातो, "अरे अशी तर आमच्या बांधावर पण बसते" वगैरे. रॉबर फ्लायच्या, म्हणजे दुसरे किडे पकडून खाणाऱ्या शिकारी माशीच्या बाबतीत तेवढं नका करू. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी काही नवीन रॉबर फ्लायना मार्व्हलवाली नावं दिली होती, त्यातली एक मार्व्हल कॉमिक्सचे लेखक स्टॅन ली यांच्या नावाने, डॅप्टोलेस्टेस लीआय, कारण तिच्या तोंडावर पांढरी मिशी आणि काळ्या गॉगलसारखी खूण. दुसरी डेडपूल या मार्व्हलच्याच पात्रावरून, तिच्या पाठीवर त्याच्या मास्कसारखं डिझाईन. बातमी मस्त फिरली, पण प्रजाती नवीन आहे हे मिशीच्या रंगावर ठरत नाही. ते ठरतं पंखांच्या शिरा, राठ केस आणि मुख्य म्हणजे नराच्या शेपटाच्या टोकावरून, आणि पेपर वाचताना आपण नेमका तोच भाग स्क्रोल करून पुढे जातो. म्हणून हे लिहितोय.

आधी सामान. 10 एक्सचं भिंग, मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स, बस. असिलिडी हे या माश्यांचं कुळ, जगात साडेसात हजारांहून जास्त प्रजाती नोंदलेल्या आहेत, काही जेमतेम 3 मिलिमीटरच्या तर काही 50 च्या वर, त्यामुळे भिंगाशिवाय शिकायचं असेल तर मोठ्या माशीपासून सुरुवात करा. आपल्याकडे प्रोमॅकस किंवा मायक्रोस्टायलम या वंशातले बरे, उघड्या माळावर, काटक्यांवर, कुंपणाच्या तारेवर उन्हात बसलेले असतात. भक्ष्य पकडलेली माशी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण ती खाताना लगेच उडत नाही. हातात मात्र धरू नका, उगाच माणसाला चावत नाही पण दाबलं तर सोंड खुपसते आणि ते चांगलंच झोंबतं.

पहिला प्रश्न, ही रॉबर फ्लायच आहे ना. समोरून बघा. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे डोक्याचा माथा खाली दबलेला असतो, खोलगट, आणि त्या खड्ड्यात उंचवट्यावर तीन साधे डोळे. हा खळगा दिसला, खाली तोंडावर राठ केसांचा झुबका दिसला आणि त्याखालून पुढे आलेली कडक टोकदार सोंड दिसली की झालं. त्या झुबक्याला मिस्टॅक्स म्हणतात. भक्ष्य धडपडत असताना डोळे-तोंड वाचावं म्हणून तो असतो असं मानतात. वर्णनात त्याचा रंग, दाटपणा आणि चेहऱ्याच्या किती भागावर पसरलाय हे सगळं येतं, काहींचा पार शिंगांच्या (अँटेनांच्या) बुडापर्यंत असतो, काहींचा फक्त तोंडाच्या कडेला एक रांग. सोंडेतून ती लाळ सोडते, त्यात मज्जातंतू बधिर करणारं विष आणि प्रथिनं विरघळवणारे एन्झाइम, मग आतला रस ओढून घेते. सुतारी भुंग्यासारखी दिसणारी हायपरेकिया भुंगा म्हणून सुटते, तिथे पंख मोजा. माशीला दोनच, मागच्या पंखांच्या जागी हॉल्टर नावाच्या दोन छोट्या दांड्या, टोकाला गोळी, उडताना तोल सांभाळायला.

शिंगं छोटी असतात पण सोडू नका. बुडाचा भाग स्केप, मग पेडिसेल, मग लांबट पोस्टपेडिसेल आणि टोकाला बारीक स्टायलस. कुठला भाग कुणाच्या किती पट लांब हे आकड्यात दिलेलं असतं. ओमॅटियस हा वंश ओळखायचा सोपा मार्ग इथेच आहे, त्याच्या स्टायलसवर केस असतात, पिसासारखे, समोरून उन्हात बघितलं की लगेच कळतं.

आता छाती. इथे दोन गोष्टी, केस आणि भुकटी. केस म्हणजे सगळे केस नव्हे, जाड राठ ब्रिसल्स, त्यांची जागा आणि संख्या दोन्ही महत्त्वाची. पाठीच्या मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारी डॉर्सोसेंट्रल रांग पाठीवरच्या आडव्या खाचेच्या पुढेही आहे की फक्त मागे आहे, खांद्याच्या मागे बाजूला नोटोप्लुरल किती, पंखाच्या वर सुप्रा-अलर किती, आणि स्क्युटेलम म्हणजे पाठीच्या शेवटी तो जो छोटा अर्धगोल असतो त्याच्या कडेवर किती. हे मोजताना एक लक्षात ठेवा की केस गळतो पण त्याची खाच राहते, भिंगातून खाच मोजा, केस नको. भुकटीचं प्रकरण जरा भानगडीचं. अंगावर चंदेरी किंवा सोनेरी बारीक लव असते, प्रुइनोसिटी म्हणतात, आणि ती प्रकाशाच्या कोनावर चालते, समोरून बघितलं तर काळी पाठ आणि मागून बघितलं की तिच्यावर राखाडी पट्टे उमटतात, म्हणून चांगल्या वर्णनात "मागून पाहता" असं मुद्दाम लिहिलेलं असतं. ती घासली जाते, अल्कोहोलमध्ये भिजली की केससुद्धा चिकटतात, त्यामुळे रॉबर फ्लाय शक्यतो कोरडी पिनवर ठेवतात. फोटो काढणार असाल तर एकाच माशीचे वरून, बाजूने, समोरून आणि मागून असे चारही काढा, फ्लॅश एकदा लावून एकदा न लावता. फक्त एक सुंदर साईड प्रोफाईल टाकून "आयडी प्लीज" लिहिणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

पंखावर जरा वेळ द्या कारण उपकुळ बऱ्याचदा इथेच उरकतं. पंखाची पुढची जाड कड म्हणजे कोस्टा. तिच्यामागे आर-1 आणि मग आर-2+3, ही शिरांची नावं. प्रश्न एवढाच की आर-2+3 कुठे जाऊन संपते. लाफ्रिनी आणि असिलिनी या उपकुळांत ती कडेला पोचायच्या आधीच आर-1 ला मिळते, म्हणजे मधला कप्पा बंद. डॅसिपोगोनिनी, लेप्टोगॅस्ट्रिनी वगैरेंत ती सरळ कोस्टाला जाऊन भिडते, कप्पा उघडा. पंख पसरलेला आणि मागून उजेड असला तर ही गोष्ट मोबाईलच्या फोटोतही दिसते. त्याच्या मागे आर-4 आणि आर-5 फाटा फुटून पंखाच्या टोकाकडे जातात, प्रोमॅकसमध्ये तिथे एक जादा आडवी शीर असल्यामुळे सबमार्जिनल कप्पे, म्हणजे तिथल्या शिरांमधल्या जागा, दोनऐवजी तीन होतात. शिरांसोबत पंखावरची बारीक लव, डाग, धुरकटपणा पण लिहिलेला असतो, पण धुरकटपणावर फार विसंबू नका, नुकती बाहेर आलेली माशी फिकट असतेच.

पायांचं थोडक्यात. मांडी म्हणजे फीमर किती जाड, टिबियावर म्हणजे नडगीवर काटे किती, शेवटी नखं आणि नखांखाली पल्व्हिली नावाच्या गाद्या आहेत का. लेप्टोगॅस्ट्रिनी म्हणजे त्या टाचणीसारख्या बारीक, चतुरासारख्या दिसणाऱ्या माश्या, त्यांच्यात या गाद्या सहसा नसतात.

आणि आता शेपूट, जिथे खरी लढाई असते. नराचं टोक फुगीर, चिमट्यासारखं, मादीचं निमुळतं. नराच्या टोकात वरचा एपँड्रियम, बहुतेक दोन फाकांत, बाजूला गोनोकॉक्साइट आणि त्याला जोडलेला गोनोस्टायलस, खाली हायपँड्रियम आणि मधे फॅलस म्हणजे लिंग, ज्याचं टोक काहींत एकच नळी तर काहींत दोन-तीन फाट्यांचं. दोन बहिणी-बहिणी प्रजाती बाहेरून डिट्टो सारख्या असतात आणि फरक फक्त गोनोस्टायलसच्या टोकाला आतल्या बाजूने एक दात आहे की नाही एवढाच, असं होतं, आणि म्हणून पेपरात अर्धी पानं रेखाचित्रांची असतात. चित्र बघताना आधी त्याखालची ओळ वाचा, बाजूने, वरून की खालून, कारण काही गटांत हा सगळा भाग जन्मतःच फिरलेला असतो, 180 अंशांपर्यंत, म्हणजे जे वर दिसतंय ते मुळात खालचं. हे बघण्यासाठी संशोधक टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात, आतले स्नायू विरघळतात आणि सांगाडा स्वच्छ दिसतो, मग ग्लिसरीन घातलेल्या इवल्याशा कुपीत टाकून ती कुपी त्याच माशीच्या पिनला लावतात. हे घरी करायचं नाही, ते रसायन कातडी आणि डोळे जाळतं. मादीकडे पण बघा, वाळूत अंडी घालणाऱ्या कित्येकींच्या टोकाला काट्यांचं कडं असतं, वाळू उकरायला, आणि झाडाच्या फटीत घालणाऱ्या काहींचं टोक बाजूंनी चपटं, सुरीसारखं. आत शुक्रपेट्या, म्हणजे नराचे शुक्राणू साठवायच्या पिशव्या, बहुधा तीन, त्यांचा आकारही वर्णनात येतो.

आता पेपर उघडा. वर्णन पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका, झोप येईल. आधी डायग्नोसिस वाचा, तीनचार ओळीत जवळच्या प्रजातींपासून वेगळं काय ते तिथे असतं. मग की, म्हणजे हे असेल तर तिकडे, ते असेल तर इकडे अशी वाट, तिच्यात नवीन प्रजातीपर्यंत उलटं चालत या, कुठल्या खुणांवर वळणं घेतलीत ते लगेच कळतं. मग चित्रं, आणि त्यानंतर डोकं-छाती-पाय-पंख-पोट अशा क्रमाने येणारं वर्णन. होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव टेकलेलं असतं तो, कुठल्या संस्थेत ठेवलाय हे बघाच, 1999 नंतरच्या नावांना होलोटाइप स्पष्ट सांगणं आणि तो कुठे ठेवला हे लिहिणं नियमाने लागतं. 2012 पासून पेपर फक्त ऑनलाइन असला तरी नाव चालतं, पण झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. होलोटाइप नर आहे की मादी, पॅराटाइप म्हणजे वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने किती, हेही बघा, एकाच माशीवरून केलेल्या वर्णनात "केस 4" लिहिलं असेल तर ते त्या एका माशीचे 4 आहेत, दुसरीत 5 निघू शकतात.

आणि समजा तुमच्या माळावरची माशी कशातच बसत नाहीये. आधी चारही बाजूंचे फोटो, ठिकाण, तारीख, काय खात होती हे नोंदवून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथे रॉबर फ्लायवाले लोक खरंच बघतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय एकही माशी पकडायची नाही, मग ती कितीही नवीन वाटू दे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन प्रजातीचा नमुना ठरवून दिलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो, झेडएसआय म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया त्यापैकी एक आणि त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथे मेल टाकताना "नवीन प्रजाती सापडली" असं लिहू नका, आर-2+3 कुठे संपते, स्क्युटेलमवर केस किती, आणि नर आहे की मादी एवढं लिहा, उत्तर येण्याचे चान्स वाढतात.